लॉकेटवाला, क्वांटम आणि हिंगोली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आमच्या भांडुपच्या सोसायटीत एक जण 'क्वांटम लॉकेट' विकायला आला होता, किंमत 1800 रुपये, गुडघेदुखी जाते म्हणे, आणि आमच्याच मजल्यावरच्या दोन काकूंनी घेतलं पण! मी जरा वाद घातला तर त्यातल्या एक म्हणाल्या, अहो पेपरात रोज येतंय की क्वांटम. आता यावर काय बोलणार.

येतं हो, पण काय येतं? कॉम्प्युटर सुपरफास्ट होणार, बँकेचे पासवर्ड फुटणार, झालं. क्वांटम म्हणजे अणू, प्रकाशाचे कण अशा अतिसूक्ष्म गोष्टींचे नियम, आणि त्यांवर उभं असलेलं हेच तंत्र विश्व कसं चालतं ते शोधायला वापरतात, आणि त्यातलं बरंच आपल्या दाराशी आलंय, हे कोणी लिहीतच नाही. नॅशनल क्वांटम मिशन 2023 मध्ये मंजूर झालं, 6003 कोटींचं, त्यातलं सेन्सिंगचं (म्हणजे अतिबारीक मोजमापाचं) हब पवईला आयआयटीत आहे, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढं जवळ.

आणि हिंगोलीचं घ्या. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, 2600 कोटींचा प्रकल्प. गुरुत्वीय लहरी पकडायच्या, दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच जी थरथर सुटते ती. अमेरिकेतल्या लायगोने 2015 ला पहिल्यांदा पकडली तेव्हा 4 किलोमीटरच्या नळीच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) शंभराव्या भागाहूनही कमी होता. एवढं बारीक मोजायला लेसर लागतो, पण प्रकाश म्हणजे सुटे सुटे कण, ते काही शिस्तीत येत नाहीत, पत्र्यावर पाऊस पडतो तसे ताडताड कसेही पडतात, आणि त्या आवाजात लहरीची कुजबुज बुडून जाते. हा आवाज मशीन कितीही भारी आणलं तरी जात नाही कारण तो निसर्गातच आहे. मग लोकांनी काय केलं, उशीतला कापूस एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो ना, तशी ती कण कसेही पडण्यातली अनिश्चितता जिथे मोजायचंय तिथून दाबून दुसरीकडे सरकवली. याला स्क्वीझ्ड लाइट म्हणतात, 2019 पासून लायगोच्या निरीक्षणांत वापरतायत आणि त्यामुळे आणखी लांबच्या टकरी ऐकू यायला लागल्या. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं (बायको वैतागली तो भाग वेगळा).

अणुघड्याळांचंही तसंच, म्हणजे अणूंच्या ठोक्यांवर वेळ मोजणारी अतिशय अचूक घड्याळं. उंचावर वेळ किंचित भराभर जातो हे आइनस्टाइनचं म्हणणं 2022 मध्ये अमेरिकेत अवघ्या एका मिलिमीटरच्या फरकावर मोजून दाखवलं. म्हणजे आमच्या सातव्या मजल्यावरचं घड्याळ वॉचमनच्या घड्याळापुढे पळतंय, अर्थात 8:12 ची लोकल मिळायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तर विनंती एवढीच की एखादा बातमीदार पवईला पाठवा, एखादा औंढ्याला पाठवा, तिथल्या लोकांना आपल्या गावात काय होतंय असं वाटतं तेही विचारा, आणि सगळं साध्या मराठीत छापा, रविवारी अर्धं पान दिलंत तरी चालेल. कात्रण मी लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावतो, काकूंना लिफ्टची वाट बघताना वाचायला.

आपला एक वाचक,
भांडुप, मुंबई