(इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या) पंपवाल्या मेस्त्रींना, इंजिन न उघडल्याबद्दल

सप्रेम नमस्कार मेस्त्री,

जुनी डिझेल व्हॅन धूर मारायला लागली की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "बोअर गेलाय, हाफ इंजिन करावं लागेल." (म्हणजे सिलिंडर झिजलाय, इंजिन उघडून आतले भाग बदलावे लागतील.) तुम्ही मात्र आधी विचारता, "कधी मारते? सकाळी, चढाला, की उतार संपल्यावर?" आमचे आभार मुख्यतः या प्रश्नासाठी आहेत. बजाज टेम्पोच्या (आताच्या फोर्सच्या) जुन्या गाड्यांमधलं मर्सिडीजच्या परवान्यावरचं ओएम ६१६ इंजिन घ्या. चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नाही. त्याला बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला जागाच नाही, जे कळायचं ते सायलेन्सरच्या टोकाला. तुम्ही शिकवलेलं इथे उघड मांडतोय, म्हणजे आणखी कुणाचं इंजिन उगाच उघडलं जाणार नाही.

काळ्या धुराचा तुमचा हिशोब असा : डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि हवा स्वस्त म्हणून आधी हवा बघायची. एअर क्लीनरचा एलिमेंट (गाळणी) काढून चढाला एकच फेरी मारायची, तीही धूळ नसलेल्या रस्त्यावर. धूर कमी झाला तर नवा एलिमेंट घातला की काम संपलं. ऑइल-बाथ (हवा तेलातून गाळणारा) क्लीनर असेल तर तेल खुणेपर्यंतच घालायचं. जास्त झालं तर इंजिन ते ओढतं, निळा धूर मारतं, आणि वाईट वेळ आलीच तर चावी बंद करूनही पळत सुटतं. मग ब्रेक. वीस मिनिटं चालवून चारही ड्रमजवळ हात न्यायचा (टेकवायचा नाही!). एखादा भट्टीसारखा तापला असेल तर ब्रेक धरतोय, आणि इंजिन बिचारं ते ओझं ओढत काळं होतंय. महाबळेश्वरला धूर वाढतो म्हणून घाबरणाऱ्यांना तुम्ही हसता तेही बरोबर. तिथे १३५० मीटरच्या आसपास हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला ती भरून काढता येत नाही.

हवा ठीक असेल तरच पंप-नोझल (डिझेल दाबाने सोडणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझल) बघायचे. पंपाचा मॅक्झिमम (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू फिरवून "पिकअप वाढवून" देणारे पुष्कळ आहेत. त्यात पिस्टन आणि व्हॉल्व तापतात, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारे थोडे. आणि ज्या जुन्या पंपाला व्हॅक्यूमचा गव्हर्नर (हवेच्या ओढीवर डिझेल कमी-जास्त करणारा) असतो त्याचा डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला की डिझेल भरमसाट जातं, आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबतानाचा इंजिनाचा वेग) डोलतं, धूर काळाकुट्ट होतो. त्यासाठी तुम्ही दाखवलेली चाचणी फुकट आहे : इंजिन बंद ठेवून स्टॉप लिव्हर पूर्ण दाबायचा, व्हॅक्यूम पाइपचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करायचं, मग लिव्हर सोडायचा. रॅक (पंपातली डिझेलचं माप ठरवणारी पट्टी) जागीच राहिला तर डायफ्रॅम ठीक, लगेच परतला तर फाटलाय.

पांढऱ्या धुरात मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण पांढरे दोन. एक वाफ, दुसरं न जळलेलं डिझेल. सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर कोरडा पुठ्ठा धरायचा. बिनवासाचे थेंब आले तर पाणी, डिझेलचा वास आणि डाग आला तर डिझेल, चिकट काळपट ठिपके आले तर ऑइल. डिझेलच्या धुराने डोळेही चुरचुरतात. थंडीतल्या पहाटे थोडी वाफ असणारच, इंजिन तापलं की ती जाते. तापल्यावरही वाफ येतेय आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगचा) संशय घ्यायचा. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून चालू करायचं आणि बुडबुडे अखंड येतात का पाहायचं. झाकण लावून थंड सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला तरी तेच. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्ही प्रत्येक वेळी ओरडून सांगता.

डिझेलचा पांढरा धूर सकाळीच येऊन पाच मिनिटांत जात असेल तर आधी हीटर प्लग (थंड इंजिनाला स्टार्टपूर्वी आतून तापवणारे). जुने तारेच्या वेटोळ्याचे प्लग एकामागोमाग जोडलेले असतात, त्यातला एक गेला की सगळी रांग बंद. पेन्सिल प्लग वेगवेगळे जोडलेले, त्यामुळे एक गेला तर फक्त एक सिलिंडर कुरकुरतो. वायर सोडून मीटर लावायचा : चांगला पेन्सिल प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. प्लग चांगले निघाले तर टॅपेट (व्हॉल्वची फट). ओएम ६१६ला थंड इंजिनावर इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी. टॅपेट टाइट झाला की व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गळतं, आणि गळलेल्या कॉम्प्रेशनवर गार डिझेल पेटत नाही. तरीही धूर राहिला तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ). या इंजिनात पंप चेनवर चालतो, चेन लांबली की डिझेल उशिरा पडतं. मर्सिडीजचं मूळ माप टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या) आधी २४ अंश आहे, तरी आपल्या पंपाचं पुस्तक पाहूनच हात घालावा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते कुठून येतंय हे वेळेवरून कळतं. रात्रभर उभ्या गाडीने पहिल्या स्टार्टला भपकारा टाकला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्वचे ऑइल सील. चढाला, लोडवर, सतत येतो तर रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर). त्याआधी डिपस्टिक बघायची, ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग आयडलला ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवायचं. ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर ब्लो-बाय, म्हणजे सिलिंडरचा गॅस रिंगांवरून खाली गळतोय. तेव्हाच कॉम्प्रेशन गेज काढायचा. मर्सिडीजच्या मापात नव्या इंजिनाला २२ ते २४ बार, १५ बार ही खालची हद्द, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. "हाफ इंजिन" हा शब्द तुम्ही इथे पोहोचल्यावर उच्चारता.

कोणता सिलिंडर दोषी ते शोधायचं तर आयडलला एकेका नोझलचा पाइप नट १७च्या पान्याने अर्धा फेरा सैल करायचा. आवाज बदलला नाही तर तो सिलिंडर आधीच मेलेला. आवाज बदलला आणि धूरही थांबला तर त्याच नोझलमध्ये ठिबक आहे. चष्मा घालायचा, नटावर फडकं ठेवायचं, हात फवाऱ्यासमोर न्यायचा नाही, कारण त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि मग थेट हॉस्पिटल. नोझल काढलं की खालची वॉशर नवीच घालायची. जुनी परत बसवली तर दुरुस्ती झाल्यावरही तिथून गॅस निघतो आणि नाव मात्र नव्या नोझलचं खराब होतं.

पीयूसीबद्दल एकच. बीएस-४ (भारत स्टेज ४ हे प्रदूषण-मानक) आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर (धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप), म्हणजे हार्ट्रिज या दुसऱ्या पट्टीवर ६५. चाचणीआधी ऑइल किमान ६० अंशांपर्यंत तापलेलं हवं. गार गाडी दारातून थेट सेंटरवर नेणारे नापास होतात आणि दोष पंपाला देतात.

अर्धा तास तपासून "काही नाही, एलिमेंट बदला" म्हणत तुम्ही पैसे घेत नाही, ते यापुढे आम्हाला चालणार नाही. त्या अर्ध्या तासाची मजुरी बिलात लिहा. आणि नोझलच्या वॉशरचा एक डबा आमच्यासाठी काढून ठेवा.

जुन्या गाड्या चालवणारे आणि सांभाळणारे,
तुमचेच सगळे