शुगर तपासतो, मग लघवी का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या आईला शुगर होऊन १४ वर्षं झाली आणि गेल्या पावसाळ्यापासनं तिला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतंय, म्हणून हे पत्र लिहितोय.

तपासणीत आम्ही कधी हयगय केली नाही हो. दर तीन महिन्याला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, वर्षातनं एकदा क्रिएटिनिन (किडनी रक्तातनं बाहेर काढते तो कचरा, किडनी थकली की रक्तात वाढतो), सगळं वेळेवर. आई साठीची असताना क्रिएटिनिन १.३ आलेलं, लॅबच्या कागदावर १.४ पर्यंत नॉर्मल असं छापलेलं, त्यामुळं कागद फाईलला लावला आणि बागेच्या कामाला लागलो. आता मिरजेतल्या डॉक्टरांनी समजावलं की १.३ चा अर्थ सगळ्यांना सारखा नसतो, तिशीतल्या पोराचं १.३ असेल तर ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष यावरनं काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ७५ च्या आसपास निघतो आणि साठीतल्या बाईचं तेवढंच असेल तर ४७ च्या आसपास, आणि तीन महिने तो ६० च्या खाली राहिला की किडनीचा आजार धरतात. आमच्या कागदावर ईजीएफआर नव्हताच. त्यात द्राक्षाच्या छाटणीत कंबर धरली की ती मेडिकलमधनं पेनकिलर आणून खायची, त्याही किडनीला वाईट.

पण खरी हळहळ वेगळीच आहे. किडनीची चाळण बिघडायला लागली की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतनं जायला लागतं, बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी. सकाळची थोडी लघवी दिली की एसीआर टेस्ट, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, होते, आकडा ३० च्या आत असला तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, ३०० च्या वर म्हणजे बरीच पुढं गेलीय. तापात, इन्फेक्शनमध्ये आकडा उगीच वाढतो म्हणून टेस्ट परत करून खात्री करायची. ज्यांचा ईजीएफआर ६० च्या खाली गेलाय त्यांच्यासाठी तर कॅनडातल्या डॉक्टरांनी २०११ सालीच गणित मांडलंय, वय, बाई की पुरुष, ईजीएफआर आणि हे अल्ब्युमिन एवढ्या चार गोष्टींवरनं पुढच्या २ आणि ५ वर्षांत किडनी निकामी व्हायचा धोका किती ते काढतात. आणि कळून उपयोग काय असं कुणी म्हणू नये, बीपीच्या काही ठराविक गोळ्यांनी ही गळती कमी होते, डापाग्लिफ्लोझिन नावाच्या शुगरच्या गोळीनं आजाराचा वेग मंदावतो, तिचं पेटंट संपल्यापासनं ती गोळी स्वस्तही झालीय.

माझी कळकळीची विनंती एवढीच की गावोगावच्या आरोग्य केंद्रांत आणि शिबिरांत शुगर-बीपीच्या जोडीला शुगरवाल्यांची वर्षातनं एकदा एसीआर व्हावी, आणि लॅबवाल्यांनी क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापावा. जुने रिपोर्ट कुणी टाकून देऊ नका, एका कागदापेक्षा चार वर्षांचे कागद शेजारी ठेवले की उतार दिसतो.

धाकट्या भावालाही शुगर आहे. त्याची एसीआर करून घेतली, ६४ आली, दोन महिन्यांनी परत केली तर ५८. गोळी सुरू केलीय. त्याचं क्रिएटिनिन ०.९ आहे.

आपला एक वाचक,
ता. तासगाव, जि. सांगली