रेडकारचा मनोरा वाचवायला हवा होता

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेडकारच्या पुनर्विकासाविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. टाटा स्टीलने २०११ मध्ये विकलेला तेथील पोलाद कारखाना २०१५ मध्ये कायमचा बंद पडला, त्यामुळे त्या जागेवर नवे उद्योग यायलाच हवेत, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ‘डॉर्मन लाँग’ या पोलाद कंपनीच्या मनोऱ्याचा उल्लेखही लेखात नसावा, याचे वाईट वाटले. १९५० च्या दशकातील कोळसा साठवण्याच्या या काँक्रीटच्या मनोऱ्यावर कंपनीचे नाव दुरूनही वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत होते; सिडनी बंदरावरचा १९३२ चा पूल याच कंपनीने उभारला. सप्टेंबर २०२१ मध्ये मनोऱ्याला वारसा वास्तूचे संरक्षण मिळाले, पण नव्या सांस्कृतिक मंत्र्यांनी ते काही दिवसांतच काढून घेतले आणि १९ सप्टेंबरला तो स्फोटाने पाडण्यात आला. दुरुस्तीचा खर्च मोठा होता, हे खरे. परंतु निदान स्वतंत्र तपासणी आणि जाहीर चर्चा होईपर्यंत थांबता आले असते. याच रेडकारने १८०२ सालची ‘झेटलंड’ ही लाकडी जीवरक्षक नौका आजवर जपली आहे.

– एक वाचक, ठाणे