‘कमवा आणि शिका’चे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांचे प्रवेश पूर्ण होत आले की ‘कमवा आणि शिका’ योजनेचे अर्ज मागवणारी सूचना फलकावर लागते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत दिवसाला दोन-तीन तास काम करायचे आणि त्याचा तासाच्या हिशेबाने मोबदला घ्यायचा, असे तिचे साधे स्वरूप आहे. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करताना या योजनेतील मुलामुलींकडून काम करवून घेण्याची आणि त्यांच्या हजेरीवर सही करण्याची जबाबदारी दीर्घकाळ माझ्याकडे होती. ही योजना टिकावी आणि वाढावी असे मला मनापासून वाटते, म्हणूनच तिच्यातील एका मोठ्या उणिवेकडे आपल्या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

ती उणीव म्हणजे मोबदला वेळेवर न मिळणे. जुलैमध्ये अर्ज, ऑगस्टमध्ये मुलाखती, मग यादीला मंजुरी, असे करता करता प्रत्यक्ष काम सुरू व्हायला पहिल्या सत्राचा निम्मा काळ उलटतो. त्यानंतर महिनाअखेरीस हजेरीपत्रक विभागातून कार्यालयात, कार्यालयातून प्राचार्यांच्या सहीसाठी आणि तेथून लेखा विभागाकडे जाते. विद्यापीठाचे अनुदान आलेले नसेल तर ते तेथेच पडून राहते. आमच्याकडे दिवाळीपूर्वी केलेल्या कामाचे पैसे मार्चअखेरीस एकरकमी जमा झाल्याची उदाहरणे आहेत. तोपर्यंत त्या मुलाने मेसवाल्याची उधारी केलेली असते, खोलीचे भाडे मित्राकडून उसने घेऊन भरलेले असते आणि परीक्षेचा अर्ज विलंबशुल्कासह भरलेला असतो. अनुदान उशिरा येण्याची सवय महाविद्यालयाला असते, ते कसेबसे निभावून नेते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या, माण किंवा पाटण तालुक्यातून आलेल्या मुलाने ते कशाच्या जोरावर निभवायचे?

ज्या ग्रंथालयात मी काम केले तेथे ही मुले सकाळी तासिका सुरू होण्याआधी येत. परत आलेली पुस्तके वर्गांकानुसार लावणे, चुकीच्या कप्प्यात गेलेली शोधून काढणे, नियतकालिकांची नोंद करणे, फाटलेल्या पुठ्ठ्यांना पट्टी लावणे, ही त्यांची कामे असत. पहिल्या महिन्यात पुस्तकाच्या कण्यावरचा क्रमांक वाचतानाही अडखळणारी मुलगी दिवाळीनंतर पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्याला हवे ते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे कोणालाही न विचारता सांगू लागे. ज्या घरांतून मुलीला गावाबाहेर दुकानात किंवा हॉटेलात कामाला पाठवणे कोणाला रुचणार नाही, त्या घरांतूनही महाविद्यालयाच्या आवारातील या कामाला सहज होकार मिळत असे. संध्याकाळची एस.टी. चुकत नाही, तासिका बुडत नाहीत आणि वरिष्ठांची नजर असते, हे पालकांना पुरेसे वाटते. असे काम बाहेर कोठेही मिळत नाही. रात्री बारापर्यंत पार्सल पोहोचवणारा किंवा मेसमध्ये ताटे उचलणारा विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासिकेला काय अवस्थेत बसतो, हे प्रत्येक प्राध्यापकाने पाहिलेले आहे.

पैशांचा विषय काढला की ‘योजनेचा हेतू श्रमप्रतिष्ठा हा आहे, कमाई हा नाही’ असे उत्तर हमखास ऐकायला मिळते. ज्यांच्या नावाने हे सांगितले जाते त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याशी हे उत्तर जुळत नाही. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि त्या श्रमातून त्यांचे राहणे, जेवण व शिक्षण निघत असे. 1947 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही याच तत्त्वावर उभे राहिले. श्रमाला प्रतिष्ठा होतीच, पण त्या श्रमाने मुलाच्या पोटाची आणि शिक्षणाची सोयही होत होती. कोणाच्याही दयेवर न राहता शिकता यावे, हा त्यामागचा आग्रह होता. तो बाजूला ठेवून केवळ श्रमाचा गौरव करणे कर्मवीरांना मान्य झाले नसते, असे मला ठामपणे वाटते.

आज चित्र काय आहे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेत अनेक वर्षे तासाला 45 रुपये दिले जात. दिवसाला तीन तास आणि महिन्याला 25 दिवस काम केले, एकही दिवस चुकवला नाही, तरी या दराने 3,375 रुपये हातात पडतात. पुण्यात दोन वेळच्या मेसलाच एवढे पैसे लागतात. कॉट बेसिसचे भाडे, पुस्तके आणि गावी जाण्याचा खर्च वेगळाच. दर अधूनमधून वाढवले जातात, पण ती वाढ विद्यार्थी संघटनांनी निवेदने दिल्यावर आणि अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, कोणी विषय लावून धरल्यावर होते. राज्यात किमान वेतनातील विशेष भत्त्याचे दर महागाईच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतात. अकुशल कामगारासाठी ठरलेल्या त्या वेतनाचे तासात रूपांतर करून विद्यार्थ्यांचा दर त्याला जोडला, तर दर वेळी कोणाला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्यामुळे अनेक ठिकाणी शिपायाचे, लिपिकाचे, अगदी परीक्षा विभागातील ठराविक मुदतीचे कामही याच मुलांच्या माथी मारले जाते. काम कोणते, यावर माझा आक्षेप नाही; झाडांना पाणी घालण्यात किंवा वर्ग झाडण्यात कमीपणा मानणारा माणूस मी नाही. मात्र परीक्षेच्या तोंडावर ‘आज जरा जास्त थांब’ असे सांगितले जाते आणि ते वाढीव तास हजेरीत धरले जात नाहीत, तेव्हा तो सरळसरळ अन्याय असतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याच मुलांना सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. आठवड्याच्या तासांना अशी निश्चित कमाल मर्यादा आपल्याकडील प्रत्येक महाविद्यालयाने पाळावी आणि त्या मर्यादेतील प्रत्येक तासाचा मोबदला द्यावा.

यावर उपाय अवघड नाहीत. विद्यापीठाच्या अनुदानाची वाट न पाहता महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून दरमहा दहा तारखेपर्यंत विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात पैसे जमा करावेत आणि अनुदान आल्यावर ती रक्कम वळती करून घ्यावी. प्राध्यापकांची देयके थकली तर संस्था कोठून ना कोठून तजवीज करतातच, मग विद्यार्थ्यांसाठी काही हजारांची तजवीज अशक्य का असावी? पात्र विद्यार्थ्यांची यादी प्रवेश संपल्यापासून पंधरा दिवसांत लावावी. हजेरीपत्रकाची एक प्रत विद्यार्थ्याकडे राहावी, म्हणजे किती तासांचे पैसे येणे आहेत याबाबत वाद उरणार नाही. वर्षअखेरीस केलेल्या कामाचा स्पष्ट उल्लेख असलेले अनुभवपत्र द्यावे. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत वर्षभर काम केलेल्या मुलाला पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे आणि अर्थसंकल्प अधिसभेपुढे मांडला जातो. या वेळच्या बैठकीत आपापल्या विद्यापीठाच्या अधिसभा सदस्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत, अशी माझी विनंती आहे: मागील वर्षी ‘कमवा आणि शिका’साठी किती तरतूद होती, त्यापैकी किती रक्कम प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या खात्यात गेली आणि काम केल्यापासून पैसे मिळेपर्यंत सरासरी किती दिवस लागले? आपल्या वार्ताहरांनीही ही माहिती विद्यापीठांकडून मागवून प्रसिद्ध केली, तर ज्यांचे पैसे आजही अडकलेले आहेत त्या मुलांना मोठा आधार मिळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सातारा