हेवी लायसन आहे, शेजारची सीट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रकला ड्रायव्हर मिळत नाही, अशी तक्रार निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कोणत्याही ऑफिसच्या दारात उभे राहिले की ऐकू येते. "ड्रायव्हरवाचून दोन गाड्या उभ्या आहेत," असे सांगणाऱ्या एका मालकालाच मी विचारले, मला ठेवता का? त्यांनी माझे हेवी, म्हणजे जड वाहनाचे, लायसन हातात घेतले, तारीख पाहिली आणि परत दिले. "पाच वर्षं चालवून ये, मग बघू." कुठे चालवून येऊ, हे त्यांनाही सांगता येईना. इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच ऐकले, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझे वय २२. गाव जुन्नर तालुक्यातले, सध्या मोशीला मामांकडे राहतो. बारावी झालो आहे. दुसरे काही जमले नाही म्हणून मी या धंद्याकडे आलेलो नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वडिलांबरोबर क्रेट भरायला जायचो, तेव्हापासून गाड्या बघतो आहे. आमच्या शेतातला माल कुठल्या कुठे नेऊन पोचवणारा माणूस मला तेव्हाही मोठा वाटायचा, आजही वाटतो. मला तेच काम नीट शिकून, नियमाने करायचे आहे.

लायसनसाठी आडवाट धरली नाही. मालवाहू गाडी चालवायला कायद्याने वीस वर्षे पूर्ण लागतात, आणि त्या वर्गाचे शिकाऊ लायसन मिळण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष हातात असावे लागते. मी अठरा पूर्ण होताच कारचे लायसन काढले, थांबलो, मग हेवीच्या क्लासला नाव घातले. फी भरायला आईने बचत गटातून कर्ज उचलले. ते अजून फिटते आहे.

क्लासमध्ये काय शिकवले, हे वाचकांनी समजून घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला आहे. मी शिकलो तो साधा क्लास. गाडी जुनी, हौदा रिकामा, आणि एका फेरीला चार पोरे आळीपाळीने स्टिअरिंगवर. परीक्षाही रिकाम्या गाडीवरच दिली. पास झालो, आणि कागदावर जड वाहनाचा चालक ठरलो. पंधरा-वीस टन माल मागे असताना गाडी कशी वागते, हे मी तोवर एकदाही अनुभवले नव्हते.

रिकामी गाडी ब्रेक दाबला की थांबते. भरलेली गाडी तशी थांबत नाही, मागचे वजन पुढे ढकलत राहते. घाटात वारंवार ब्रेक दाबला की ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. एअर ब्रेक असेल तर हवेचा दाबही उतरतो. म्हणून उतारावर गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवायची, खालच्या गिअरमध्ये, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. मध्ये टाकायला गेलो आणि पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. जुने चालक सांगतात, ज्या गिअरला घाट चढशील त्याच गिअरला उतर. हे वाक्य मला क्लासमध्ये कोणी सांगितले नाही.

नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे तेव्हा समोर आले. त्यानंतर वेगमर्यादा, कॅमेरे, रंबलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंचवटे) यांवर खूप बोलले गेले आणि ते हवेच आहे. पण भरलेली गाडी उतारावर न्यूट्रल करायची नसते हे चालकाला कोणी, कधी, कुठे बसवून शिकवायचे, यावर फारसे कोणी बोलले नाही.

पूर्वी ही शिकवण क्लीनरच्या सीटवर मिळायची. पोरगा आधी काचा पुसायचा, ताडपत्री बांधायचा, रस्से आवळायचा, टायर ठोकून हवा बघायचा. मग उस्ताद मोकळ्या रस्त्यावर थोडे स्टिअरिंग द्यायचा. त्या काळी फार हाल होते, मार होता, आणि कित्येकांनी लायसन नसतानाच गाड्या चालवल्या. ते परत यावे असे मी म्हणत नाही. पण शेजारी बसून शिकायची ती जागा आता उरलेली नाही. २०१८ मध्ये केंद्राने नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या, गाड्यांवरची दोन चालकांची सक्ती काढून टाकली. ट्यूबलेस टायर, पॉवर स्टिअरिंग, फास्टॅग आले, तसा क्लीनरचा पगारही मालकाला वाचवण्यासारखा वाटू लागला. आता बहुतेक गाड्यांवर माणूस एकटाच असतो.

मालकांना मी दोष देत नाही. ज्याच्या दोन-तीनच गाड्या आहेत, त्या सगळ्या हप्त्यावर आहेत, मागे दुसऱ्याचा लाखोंचा माल आहे, तो माझ्यासारख्याच्या हातात चावी का देईल? मी त्याच्या जागी असतो तर दिली नसती. अडचण अशी आहे, की मग नवख्याला चावी देतो तरी कोण? तेही मी पाहिले आहे. आमच्या भागातल्या एका खडीच्या डंपरवर मला लगेच काम मिळत होते. अनुभव विचारला नाही, लायसनही नीट पाहिले नाही. जितक्या खेपा तितके पैसे, काम रात्रीचे, आणि हौद्यावर खडीचा डोंगर. मी नाही म्हणालो. ज्याच्या घरी चूल थांबली आहे तो पोरगा नाही म्हणू शकत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी येते, त्याच्याच हाती सगळ्यात धोक्याची गाडी जाते. पुण्याभोवतीच्या रस्त्यांवर लहान मुलांना शाळेत सोडणाऱ्या आयाबापांनी याचा विचार करावा.

सध्या मी पिकअप चालवतो. चाकणहून रांजणगावला आणि भोसरीला सुटे भाग पोचवतो. माझ्यासारख्या मुलांना एक सांगण्यासारखे आहे: ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे, की ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. हेवी लायसन हातात घेऊन नुसते बसून राहण्यापेक्षा तिथून सुरुवात करावी. बिल्टी (मालाची वाहतूक पावती), ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), गेटवरची नोंद, माल उतरवून सही-शिक्क्याची पावती परत आणणे, हे निम्मे काम तिथे शिकून होते. कुरकुंभकडे केमिकलचे टँकर चालतात, त्यासाठी तीन दिवसांचे धोकादायक मालाचे प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. इंग्रजी लिहिता-वाचता यावे लागते, तेव्हा बारावी वाया जात नाही. टँकर लगेच कोणी देणार नाही, पण ती नोंद काढून ठेवावी.

सुट्टीच्या दिवशी, जमेल तेव्हा, मी एका काकांच्या शेजारी बसून भिवंडीला जातो. त्यांची दहा टायरची गाडी आहे, म्हणजे मालकाची, पण मालकाने परवानगी दिली आहे. काकांनी तीस वर्षे गाडी चालवली आहे. बोर घाट उतरताना ते मला गप्प बसायला सांगतात आणि इंजिनाचा आवाज ऐकायला लावतात. गोदामाच्या धक्क्याला गाडी रिव्हर्स लावताना आरशात कुठे बघायचे, डोळा लागतोय असे वाटताच गाडी बाजूला घेऊन सरळ झोपायचे आणि मालकाचा फोन आला तरी उठायचे नाही, हे त्यांच्याकडून शिकलो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर आता ते मला गाडी देतात. क्लासमध्ये शिकलो त्याहून किती तरी जास्त या सीटवर शिकलो आहे.

पण कागदावर मी तिथे कोणीच नाही. पगारपत्रकात नाव नाही. उद्या घाटात काही झाले, तर मी त्या गाडीवरचा कामगार होतो हे माझी आई कशाने सिद्ध करणार? आणि हे सगळे किलोमीटर दुसऱ्या मालकाला दाखवायचे म्हटले, तर दाखवायला काहीही नाही.

माझी मागणी मोठी नाही. परिवहन विभागाने नव्या हेवी लायसनधारकासाठी एक नोंदवही सुरू करावी. कोणती गाडी, किती भार, कोणता घाट, दिवसा की रात्री, हे तीत लिहायचे, खाली शेजारी बसलेल्या अनुभवी चालकाची आणि मालकाची सही. ठरावीक किलोमीटर झाले की आरटीओने त्याची नोंद लायसनवर घ्यावी, म्हणजे 'अनुभव किती' याला उत्तर मिळेल. त्या काळात मुलाला विद्यावेतन हवे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना सहा हजार रुपये ठरवले होते, तसे काही ट्रकच्या दुसऱ्या सीटसाठी का होऊ नये? शिकवणाऱ्या चालकालाही जादा भत्ता द्यावा, कारण ते जबाबदारीचे काम आहे. आणि परीक्षा निदान एकदा तरी भरलेल्या गाडीवर व्हावी. नाशिक फाट्याजवळ सीआयआरटीसारखी, म्हणजे रस्ते वाहतुकीवर काम करणारी केंद्रीय, संस्था आहे. अशा नोंदवहीचा मसुदा करायला पुण्याबाहेर जायचीही गरज नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चालकांसाठी ते फार चांगले झाले. त्याच केबिनमधली दुसरी सीट रिकामी जाते, तिचाही विचार व्हावा.

निगडी, चाकण, रांजणगाव आणि मार्केट यार्डातल्या वाहतूकदारांना माझी विनंती आहे, की त्यांनी याच सदरात लिहावे: नवीन मुलाला सहा महिने शेजारी बसवायला तुमच्या अटी काय आहेत? विम्याची काय अडचण येते? त्याचा खर्च तुम्ही किती उचलाल आणि सरकारने किती उचलावा? मालकांकडून उत्तरे आली, तर मी आणि माझ्याबरोबर हेवीची परीक्षा दिलेली मुले ती घेऊन मोशीच्या आरटीओ कार्यालयात जायला तयार आहोत. अर्ज मी लिहून ठेवला आहे.

आपला,
एक तरुण चालक, मोशी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)