आठवडी बाजारात साक्षीचा काटा हवा

संपादक महोदय,

जून म्हणजे बदल्यांचा महिना. शिक्षक, बँकेचे कर्मचारी, ग्रामसेवक बिऱ्हाड घेऊन विदर्भातल्या तालुक्याच्या गावी येतात आणि पहिल्याच आठवडी बाजारात गोंधळतात. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात, बटाट्याला आलू. हे दोन बाजारांत अंगवळणी पडते. वजनाचे तसे नाही.

पुष्कळ दुकाने मुरुमावर पोते टाकून बसतात, काटाही तिथेच. काटा कलला की वजन चुकते; दर वेळी त्यात लबाडी असतेच असे नाही. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यांवर पातळी दाखवणारा बुडबुडा असतो. तो गोलाच्या मधोमध नसेल तर खालचे पाय फिरवून आणता येतो. रिकामी टोपली वर असताना आकडा शून्य हवा. तरीही शंका वाटली तर एक किलो मिठाची न फोडलेली पुडी ठेवून बघावी. वेष्टन धरून आकडा हजार ग्रॅमच्या किंचित वर यायला पाहिजे. तराजू असेल तर वजनांवरचा शिक्का पाहावा. दगडाने तोललेला माल घेऊच नये.

2009 च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी, तर साधा तराजू आणि वजने 24 महिन्यांनी तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. पण सांबाराच्या चार जुड्या विकणाऱ्या बाईने त्यासाठी जिल्ह्याला जायचे, तर दिवसाची कमाई बुडते. तपासणीचे शिबिर बाजाराच्या दिवशी बाजारातच भरवावे. आणि नगरपंचायतीने बाजाराच्या तोंडाशी, सपाट सिमेंटच्या ओट्यावर, तपासलेला एक काटा कायम ठेवावा. ग्राहकाने घेतलेला माल तिथे फुकट तोलून पाहावा. वाद तिथल्या तिथे मिटतील आणि सचोटीच्या विक्रेत्यावरचा संशयही फिटेल.

बगीच्याबद्दलही थोडे. नवख्या कुटुंबातल्या लेकरांची ओळखपाळख होते ती तिथेच, पण अनेक ठिकाणी फाटक कार्यालयीन वेळेत उघडते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लोखंडी घसरगुंडीला दहा वाजताच हात लावता येत नाही. सिमेंटचे बाक तर दिवस मावळल्यावरही तापलेले असतात. बाकांच्या पश्चिमेला कडुनिंब लावावा, आणि मार्च ते जून फाटक पहाटे 5 ते 8 व सायंकाळी 6 ते 9 उघडे ठेवावे.

– आठवडी बाजाराचे काही ग्राहक, जि. यवतमाळ