बाबांच्या तळपायाच्या मुंग्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तळपायाच्या मुंग्या वयामुळे असतील म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या या आजारात, नसांनाही इजा होऊ शकते, आणि आधी बघायचं ते बी-१२. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून रक्तात जातं. तोच भाग सुजलेला असला, किंवा ऑपरेशनमध्ये २० सेंटिमीटरहून जास्त काढलेला असला, की ते कमी पडू लागतं.

हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने तर फसगतच होते. रक्त सुधारतं आणि नसा बिघडतच राहतात. रिपोर्टमध्ये बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर सरळ कमतरता. २०० ते ३०० आलं तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडच्या तपासणीचं विचारा; बी-१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. रक्त मात्र बी-१२च्या इंजेक्शनच्या आधी द्या, नाहीतर बी-१२चा आकडा फुगून येतो.

दुसरा संशय मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकवर. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा म्हणजे रोज १.२ ग्रॅम, ३५ दिवसांत ४२ ग्रॅम. एकूण बेरीज त्यापुढे गेली की नसांचा धोका वाढतो. आई, जुनी प्रिस्क्रिप्शनं काढ आणि दिवस मोज. गोळी अजून चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन कर. इन्फ्लिक्सिमॅब या क्रोन्सच्या औषधानेही क्वचित नसांना त्रास होतो, पण ते मनाने बंद करायचं नाही. आणि ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या विचारल्याशिवाय नकोतच; बी-६ जास्त झालं तर तेच नसा बिघडवतं.

नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांमधून संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी, नॉर्मल आली तरी पायांची आग खोटी ठरत नाही. ती तपासणी नसांमधल्या जाड तंतूंची; आग आणि टोचणी बारीक तंतूंची.

आई, बाबा बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुतात तेव्हा शेजारी उभी राहा. पुढे झोक जातो का बघ. पायांना जमिनीचा अंदाज येईनासा झाला की डोळेच तोल सांभाळतात, ते मिटले की माणूस डगमगतो. असं दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम सांग. अंघोळीचं पाणी पाय घालून नाही, कोपराने बघायचं. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा टोचला तरी कळणार नाही.

पायातली शक्ती एक-दोन दिवसांत कमी होत गेली किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. बी-१२चा रिपोर्ट आला की फोटो पाठवा.

तुमची,
मुलगी